शहाजोग हुंडी ते बिटकॉइन : दोष नाण्याचा की नाणेवाल्याचा?

परवा कट्ट्यावर वाद रंगला. आमच्यातले एक गुरुजी नुकतेच निवृत्त झालेत. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम खात्यावर जमा झालीय. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवलं, "सर, थोडे बिटकॉइनमध्ये टाका." त्यावर बँकेतून रिटायर झालेला आमचा मित्र उखडलाच. "तो चोरांचा पैसा आहे! खंडणीवाले आणि गांजावाले वापरतात तो." विद्यार्थी म्हणाला, "काका, खंडणी नोटांतही घेतात. नोटा बंद करणार का?" मित्र म्हणाला, "केल्या होत्या की!" सगळे हसले. पण गुरुजी हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इतिहास वाचतोस ना? मग तूच सांग, हे कामाचं आहे की चोरांचं?"

चहाच्या कपावर उत्तर देता आलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

सुरुवात पानिपतापासून करतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. पराभवाची बातमी त्यांना आधी कुणी दिली? सरदाराने नाही, वकिलानेही नाही. ती मिळाली सावकाराच्या पत्रातून. एका पेढीचा कासीद दुसऱ्या पेढीकडे पत्र घेऊन निघाला होता, तो वाटेत सापडला. पत्रात लढाईचा उल्लेखच नव्हता. होते ते फक्त गळालेले मोती, हरवलेल्या मोहरा आणि मोजता न येणारे रुपये नि खुर्दा. पेशव्यांना अर्थ कळला. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे मोठे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई.

हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकतो आणि हळहळतो. पण त्यातली दुसरी बाजू बघा. राज्याच्या डाकेपेक्षा सावकाराचं जाळं वेगवान होतं. त्याला स्वतःची सांकेतिक भाषा होती. ‘क्रिप्टो’ म्हणजे तरी काय? गुप्त, सांकेतिक. म्हणजे पैसा आणि गूढलिपी यांची सोयरीक काही २००९ साली जुळलेली नाही.

हे जाळं चालायचं हुंडीवर. पुण्याच्या व्यापाऱ्याला काशीत पैसे द्यायचेत. रोकड घेऊन निघालं तर वाटेत पेंढारी आणि ठग. मग तो पुण्याच्या पेढीवर रक्कम भरून हुंडी घ्यायचा आणि काशीच्या पेढीवर ती वटायची. दाखवताच पैसे मिळाले तर दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीनंतर मिळाले तर मुदती हुंडी. आणि एक प्रकार होता शहाजोग हुंडीचा. तिचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारालाच मिळायचे. हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर त्या शहाला पैसे परत करावे लागायचे. आज बँक केवायसी मागते, त्याचीच ही पणजी म्हणा.

हुंडी हरवली तर? तीही सोय होती. पहिल्या हुंडीच्या बदल्यात ‘पेठ’ लिहून मिळायची. ती हरवली तर ‘परपेठ’. म्हणजे माणूस चुकणार, कागद हरवणार, वाटेत चोर भेटणार, हे गृहीत धरून ही व्यवस्था उभी होती.

आणि गंमत बघा. हाच ‘शहाजोग’ शब्द आज आपण कुणासाठी वापरतो? आतून लबाड आणि वरून साळसूद अशा माणसासाठी. "शहाजोगपणा करू नकोस," असं आई रागावून म्हणते. पत असलेल्या माणसासाठीचा शब्द पत पांघरलेल्या माणसाला चिकटला. भाषेला माणसांचा अनुभव पक्का लक्षात राहतो.

पुढे बँका आल्या, कायदे आले. हुंडी मागे पडली आणि तिचंच तंत्र चोरवाटेने ‘हवाला’ झालं. आखातात राबणारा मजूर घरी पैसे पाठवायला हवाला वापरायचा, कारण बँक लांब, दर वाईट आणि कागदपत्रं डोक्यावरून जाणारी. सोन्याचा तस्करही तोच हवाला वापरायचा. १९९१ मध्ये दिल्लीत अतिरेक्यांच्या पैशाचा माग काढताना जैन बंधूंच्या डायऱ्या सापडल्या आणि त्यातून बड्या बड्या राजकारण्यांची नावं बाहेर आली. नळ एकच होता. त्यातून मजुराच्या घरचं पाणीही जात होतं आणि तस्कराचं सांडपाणीही.

आता बिटकॉइनकडे येऊ.

२००८ साली अमेरिकेत बँका कोसळल्या. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘सातोशी नाकामोतो’ हे नाव घेतलेल्या कुणीतरी नऊ पानांचा एक लेख इंटरनेटवर टाकला. हा माणूस कोण, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या खातेवहीचं पहिलं पान तयार झालं. त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे. बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याची वेळ आल्याची ती बातमी होती. बँकवाल्यांनी आमचा विश्वास घालवला, आता मध्ये कुणीच नको, हा त्यातला राग स्पष्ट दिसतो.

कल्पना थोडक्यात अशी. कुणा एका सावकाराची वही नाही. एकच वही जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेली. साधारण दर दहा मिनिटांनी नवीन पान जोडलं जातं आणि जुन्या पानात खाडाखोड करता येत नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत. वहीत माणसाचं नाव नसतं, फक्त आकडे आणि अक्षरांचा पत्ता असतो. ज्याच्याकडे त्या पत्त्याची गुप्त किल्ली, त्याची नाणी.

म्हणजे हुंडीतून ‘शहा’च काढून टाकला. जोखमीची जागा नेमकी हीच. शहा नसल्यामुळे तुमचे पैसे कुणी अडवू शकत नाही. आणि शहा नसल्यामुळेच काही बिनसलं तर दाद मागायला दार नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तीत सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. बिचारा वर्षानुवर्षं पालिकेकडे कचरा उपसायची परवानगी मागत राहिला, कोर्टातही गेला. पेठ नाही आणि परपेठही नाही.

आता आमच्या बँकवाल्या मित्राचा मुद्दा. चोर आले का? आले, आणि लवकरच आले. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एकाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले, ती पहिली गाजलेली खरेदी. त्यानंतर वर्षही उलटलं नाही तोच २०११ मध्ये ‘सिल्क रोड’ सुरू झाला. अमली पदार्थांचा हा ऑनलाइन बाजार बिटकॉइनवर चालायचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याचा चालक रॉस उल्ब्रिक्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. २०१५ मध्ये जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याला माफी दिली.

मग खंडणीवाले आले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे संगणक कुलूपबंद केले आणि बिटकॉइनमध्ये पैसे मागितले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. तो मर्स्क या बड्या जहाज कंपनीत घुसला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण पैसे भरूनही काही सुटणार नव्हतं. तो मुळात नासधूस करण्यासाठीच बनवलेला होता. या खंडणीच्या धंद्याला क्रिप्टोने बळ दिलं, हे मान्यच करायला हवं. पूर्वी परदेशातल्या खंडणीखोराला पैसे पोचवणं हीच त्याची अडचण असायची. ती अडचण गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. ज्या वहीत खाडाखोड होत नाही, ती वही साक्षीदारही असते. सिल्क रोडच्या तपासात असलेल्या दोन अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यांनीच त्यातली नाणी लाटली. त्यांचा माग वहीतूनच लागला आणि दोघेही तुरुंगात गेले. २०१६ मध्ये ‘बिटफिनेक्स’मधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक जोडपं पकडलं गेलं आणि त्यातले ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन जप्त झाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कलोनियल पाइपलाइनने ७५ बिटकॉइन खंडणी भरली. महिन्याभरात सरकारने त्यातले ६३.७ परत मिळवले. नोटांनी भरलेली सूटकेस गेली असती तर सहा वर्षांनी कुणी शोधली असती?

मग एकूण व्यवहारांत चोरांचा वाटा किती? इथे आकड्यांवरूनच भांडण आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की सुरुवातीच्या वर्षांतले बिटकॉइनचे सुमारे ४६ टक्के व्यवहार बेकायदा कामांशी जोडलेले होते. उलट ‘चेनॲनालिसिस’ या माग काढणाऱ्या कंपनीच्या अलीकडच्या अहवालांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी येतं. दोन्हीकडे मेख आहे. पहिला आकडा लहान बाजाराच्या काळातला आणि व्यवहारांच्या संख्येचा. दुसऱ्यात फक्त ओळख पटलेले चोर मोजलेत, आणि पुढे सट्टेबाजांची उलाढाल इतकी फुगली की तिच्यासमोर चोरांचा वाटा आपोआप छोटा दिसतो. गावात जत्रा भरली म्हणून पाकीटमार कमी झाले असं कुणी म्हणेल का? टक्का कमी झाला, एवढंच.

शिवाय आता चोरांनी नाणंही बदललंय. भाव सतत वरखाली होणारं बिटकॉइन त्यांनाही परवडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने २०२४ मध्ये सांगितलं, की आग्नेय आशियातल्या फसवणूक टोळ्यांचं आवडतं नाणं आहे डॉलरशी बांधलेलं ‘टिथर’. म्यानमार आणि कंबोडियातले ते अड्डे आठवा. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या आपल्या भारतीय मुलांना तिथे कोंडून लोकांना फसवायला लावत होते.

पण तेच टिथर अर्जेंटिनातला साधा माणूसही घेतो. तिथे २०२३ साली महागाईचा दर २०० टक्क्यांच्या वर गेला. पगार झाला की संध्याकाळच्या आत त्याचे डॉलर करायचे, नाहीतर पैसा हातात विरघळतो. बँकेतून डॉलर घेण्यावर बंधनं होती, म्हणून मोबाइलमधले डॉलर. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर युक्रेन सरकारने स्वतः क्रिप्टोत देणग्या मागितल्या आणि काही आठवड्यांत कोट्यवधी डॉलर जमले. २०१० च्या अखेरीस मोठ्या कार्ड कंपन्यांनी ‘विकिलीक्स’चे पैसे अडवले, तेव्हा त्यांनीही पुढच्या वर्षी बिटकॉइनचाच रस्ता धरला. ते चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. पण कोर्टाचा निकाल नसताना दोन-तीन कंपन्या एखाद्याचा आर्थिक श्वास रोखू शकतात, हे तेव्हा दिसलं.

फसलेला प्रयोगही सांगतो. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं. सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलर फुकट दिले. लोकांनी ते घेतले, खर्च केले आणि बहुतेक जण पुन्हा नोटांकडे वळले. २०२५ च्या सुरुवातीला नाणेनिधीशी झालेल्या करारापायी दुकानदारांवरची सक्ती उठवावी लागली. रोजच्या बाजारहाटाला ते नाणं पचलं नाही.

मग आपल्याकडे? आपल्याकडची गरजच वेगळी आहे. २०१६ पासून आपल्या हातात यूपीआय आहे. वडापाववाल्याला वीस रुपये द्यायला बिटकॉइनची दहा मिनिटं कशाला थांबायचं? देशातल्या देशात पैसे पाठवण्याचा प्रश्न आपण रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली सोडवला. म्हणून आपल्याकडे बिटकॉइन घेणारे बहुतेक जण भाव वाढेल या आशेने घेतात, हे मान्य करू. त्याला सट्टा म्हणा किंवा गुंतवणूक म्हणा, पण त्याने रोजची कुठली अडचण सुटत नाही.

सरकारचं धोरणही धरसोडीचं. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्याशी संबंध तोडायला सांगितलं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बंदी घालणारा कायदा नाही आणि एवढी टोकाची कारवाई करण्याइतकं नुकसान दाखवलेलं नाही, असा त्याचा मथितार्थ. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या, म्हणजे त्यांना ग्राहकाची ओळख ठेवणं बंधनकारक झालं. गुरुजी, इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "सरकार कर घेतंय म्हणजे सरकारची हमी आहे," असं सांगणारा खोटं बोलतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. इथे शून्य.

आता पुण्याची गोष्ट, म्हणजे घरचीच. ‘गेनबिटकॉइन’ आठवतंय? अमित भारद्वाजने उभी केलेली योजना. बिटकॉइन द्या, दरमहा १० टक्के परत, १८ महिने. देशभरातल्या लोकांनी पैसे ओतले. पुण्यात गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो वारला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. आणि कडी म्हणजे, मार्च २०२२ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी या तपासात मदतीला घेतलेल्या दोन बाहेरच्या तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप असा की जप्त खात्यांतली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली. अमेरिकेतल्या त्या दोन अधिकाऱ्यांची आठवण होते की नाही?

पण नीट बघा, गेनबिटकॉइनमध्ये बिटकॉइनचा दोष किती होता? "महिन्याला दहा टक्के" हे वाक्य बिटकॉइनपेक्षा फार जुनं आहे. सागवान, शेळ्या, इमू, सोन्याची भिशी, काय काय आलं आणि गेलं. माझ्या नात्यातल्या एकाने इमूत घातलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पक्षी मात्र दोन वर्षं सांभाळला.

आणि उलट उदाहरणही पुण्याचंच. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि उरलेले हाँगकाँगच्या खात्यात वळवले. त्यात क्रिप्टोचा पत्ता नव्हता. जुन्याजाणत्या सहकारी बँकेची नेहमीची यंत्रणाच वापरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या आपल्या देशातल्या क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने त्यासाठीही उत्तर कोरियाकडेच बोट दाखवलं. म्हणजे बँक असो की क्रिप्टो, आरोपीच्या पिंजऱ्यात देश एकच. फरक पडला तो नंतर. कॉसमॉसच्या ठेवीदाराच्या खात्यातला रुपया कमी झाला नाही, तोटा बँकेने सोसला. वझीरएक्सच्या ग्राहकांची नाणी मात्र महिनोन्‌महिने अडकून पडली.

माझ्या मते सगळा वाद या फरकापाशी येऊन थांबतो. चोर दोन्हीकडे आहेत. चोरी झाल्यावर जबाबदारी कुणाची, हे एकीकडे ठरलेलं आहे आणि दुसरीकडे नाही.

विद्यार्थ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. साधनाला दोष देऊन चोर संपत नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ ला आपण नोटांवर राग काढला. रिझर्व्ह बँकेच्याच हिशोबाने ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. रांगेत उभी राहिली ती साधी माणसं. उद्या क्रिप्टोवर सरसकट बंदी आली तर टोळ्या दुसरी वाट काढतील, आणि आज ओळख दाखवून, कर भरून व्यवहार करणारा तेवढा अडकेल.

आमच्या मित्राचंही निम्मं बरोबर आहे. "मध्ये कुणी नको" ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण सामान्य माणूस किल्ली सांभाळत बसत नाही. तो शेवटी कुठल्या तरी बाजाराकडे, ॲपकडे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘सल्लागारा’कडेच जातो. म्हणजे शहा परत आलाच, फक्त बिनजबाबदारीचा. टोकियोचा ‘माउंट गॉक्स’ २०१४ मध्ये बुडाला, ‘एफटीएक्स’ नोव्हेंबर २०२२ मध्ये. एफटीएक्सचा सॅम बँकमन-फ्रीड तर चांगुलपणाची भाषणं देत फिरायचा. २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. आजच्या अर्थाने अस्सल शहाजोग.

तर गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. हे तंत्र चोरांसाठी जन्मलेलं नाही आणि फक्त चोरांच्या कामाचंही नाही. ज्या देशात चलन सडलंय किंवा सरकार खाती गोठवतंय, तिथल्या माणसाला ते तारतं. आपल्याकडे तुमच्यासारख्या माणसाची कुठली अडचण ते सोडवतं, हे मला अजून दिसलेलं नाही. नाण्याच्या चारित्र्यावर वाद घालण्यापेक्षा जुन्या पेढीवर विचारायचे ते तीन प्रश्न विचारा. समोरचा शहा कोण, त्याचं नाव-गाव काय? हुंडी हरवली तर पेठ मिळणार का? आणि पेढी बुडाली तर कुणाच्या दारात उभं राहायचं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर बुडाले तरी झोप लागेल एवढेच पैसे टाका. फंडाला हात लावू नका. ती रक्कम तुमची एकट्याची नाही, वहिनींच्या औषधांचीही आहे.

गुरुजींना हे काल प्रत्यक्ष सांगितलं. ऐकून म्हणाले, "म्हणजे विद्यार्थ्याला काय सांगू?" म्हटलं, त्याला विचारा, "बाळा, शहाजोग हुंडी माहितीय का?" नसेल माहीत, तर ही पोस्ट पाठवा.